मुंबईत अस्सल दाक्षिणात्य जेवण



एस.टी.ने किंवा आगगाडीने मुंबईत उतरलेल्या शाकाहारी माणसापुढे पहिला प्रश्न पोटाचा येतो. इस्पितळाचे काम असो, कोर्टाची तारीख असो, नाहीतर शाळेची सहल असो. दुपारचे बारा वाजले की कुठे बसावे ते कळत नाही. मग कोणीतरी सांगतो, "उडप्याकडे जा." सल्ला वाईट नाही. पण उडप्याच्या पाटीखाली आज काय काय मिळते ते पाहा. इडली आहे, तिच्या शेजारी पंजाबी भाजी आहे, चिनी शेवया आहेत, पावभाजी आहे आणि वर फळांचा रसही आहे. तिथली थंड इडली आणि पाणचट सांबार खाऊन माणूस गावी परततो आणि पारावर बसून सांगतो, "मद्रासी खाण्यात काही दम नाही बुवा." ज्या खाण्याला त्याने नावे ठेवली, ते बिचारे त्याच्या ताटात आलेलेच नसते.

तेव्हा मुंबईसारख्या मोठ्या शहरात खरेखुरे दाक्षिणात्य शाकाहारी जेवण कुठे मिळते आणि ते ओळखावे कसे, एवढाच आजचा विषय आहे. शिक्षक मंडळींना वर्गात सांगण्याजोगे काही त्यातून निघाले, तर त्यांनी ते जरूर घ्यावे.

आधी एक गैरसमज दूर करू. दक्षिणेत सगळे शाकाहारी असतात, असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच नाही. तिथले बहुसंख्य लोक मासे किंवा मटण आवडीने खातात. शहरातल्या हॉटेलांत जे मिळते ते दक्षिणेतल्या देवळांच्या, मठांच्या आणि काही शाकाहारी समाजांच्या स्वयंपाकघरातून आलेले अन्न आहे. दुसरी गोष्ट 'मद्रासी' या शब्दाची. तमिळ, कन्नड, तेलुगू, मल्याळम या चार मोठ्या भाषा आणि शिवाय तुळू. इतक्या बोलींच्या लोकांना आपण एकच नाव देऊन मोकळे झालो. वर त्यांच्या बोलण्याला 'यंडुगुंडू' म्हणून हसलो, ते वेगळेच.

पण या नावाला एक सरकारी कारणही होते, बरं का. उडुपी गाव ज्या दक्षिण कानडा जिल्ह्यात होते, तो जिल्हा इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यात मोडत असे. उत्तर कानडा १८६२ साली मुंबई इलाख्याला जोडला गेला. दक्षिण कानडा मद्रासकडेच राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा तो म्हैसूर राज्यात आला. या राज्याला १९७३ साली कर्नाटक हे नाव मिळाले. म्हणजे मुंबईत हॉटेल काढणारा उडुपीचा माणूस १९५६ पर्यंत कागदोपत्री मद्रासचाच होता. घरी मात्र तो तुळू, कन्नड किंवा कोंकणी बोलत असे.

उडुपी हे क्षेत्राचे ठिकाण. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी तिथे श्रीकृष्णाची स्थापना केली आणि पूजेची व्यवस्था आठ मठांकडे सोपवली. दर दोन वर्षांनी हा मान एका मठाकडून दुसऱ्या मठाकडे जातो. त्या सोहळ्याला पर्याय म्हणतात. यात्रेकरूंना जेवू घालणे हे तिथले रोजचेच काम, आणि तेही शेकड्यांनी. नैवेद्याचा स्वयंपाक, त्यामुळे कांदा-लसूण वर्ज्य. मोठ्या प्रमाणावर, थोड्या वेळात, स्वच्छ रांधायचे आणि भराभर वाढायचे, हे कसब अशा पंगतींत तयार झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मुलखातली माणसे पोटासाठी मद्रास, बंगळूर, मुंबई अशी पसरली. बंगळूरची मावळ्ळी टिफिन रूम १९२४ ची. मद्रासचे वुडलँड्स १९३८ चे. मुंबईत आलेली मुले आधी कपबशा विसळत, मग वाढपी होत, मग स्वयंपाकी. दिवसभर काम करून रात्रशाळेत शिकलेली अशी कितीतरी मुले होती. शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. हॉटेलातला पोऱ्या म्हणून ज्याला आपण हाक मारली, तो कदाचित रात्री मॅट्रिकचे पुस्तक उघडून बसत असेल.

मग मुंबईत जायचे कुठे? माझे उत्तर एका शब्दात आहे : माटुंगा. त्याला कारण आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाट वस्तीतून माणसे बाहेर काढावीत म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, झाडे, मोजक्या मजल्यांच्या इमारती. त्याच सुमारास रेल्वे, बंदर आणि साहेबांच्या कचेऱ्यांना इंग्रजी जाणणारे कारकून आणि टंकलेखक हवे होते. मद्रास इलाख्यातून शिकलेले तरुण आले आणि या नव्या वस्तीत राहिले. त्यांनी देवळे बांधली, भजनसमाज काढले. मुलांच्या शिक्षणासाठी साऊथ इंडियन एज्युकेशन सोसायटी १९३२ साली माटुंग्यात सुरू झाली. आणि जिथे बिऱ्हाड न केलेला नोकरदार राहतो तिथे खाणावळ निघायचीच. कॅफे मद्रास १९४० चे. नाव मद्रासचे, पण चालवणारे कामत कुटुंब! ए. रामा नायक यांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. ही दोन्ही ठिकाणे अजून चालू आहेत. बोर्डिंग माटुंगा स्टेशनाला अगदी लागून आहे. जिना चढून वर जावे, पैसे भरून कुपन घ्यावे आणि आपली पाळी आली की केळीच्या पानावर बसावे. कॅफे मद्रासला मात्र जेवण नव्हे, न्याहारीचे पदार्थ. रविवारी सकाळी तिथे दारासमोर रांग असते. तेव्हा शक्यतो मधल्या वारी जावे.

आता मुद्द्याचे. अस्सल म्हणजे काय? लोक विचारतात, "तिथले अस्सल असते का हो?" हा प्रश्न अर्धा आहे. "कुठले अस्सल?" असे विचारले पाहिजे. आपल्याकडे कोल्हापूरची आमटी, नागपूरची आमटी आणि मालवणची आमटी एक नव्हे. सांबाराचेही तसेच आहे. तमिळ सांबारात तुरीची डाळ, चिंच, हिंग, धने-मिरची-मेथीची भाजून केलेली पूड आणि सोलून अख्खे टाकलेले बारके कांदे. चव आंबट-तिखट. उडुपीच्या सांबारात वाटलेले खोबरे आणि गुळाचा खडा. त्यामुळे ते गोडसर लागते. तमिळ माणूस ते खाऊन नाक मुरडतो आणि म्हणतो, हे सांबारच नव्हे. आपणही त्याचे ऐकून मान डोलावतो. पण ते नकली नसते. ते दुसऱ्या गावचे असते.

जेवायला बसल्यावर कोणाचे स्वयंपाकघर आहे हे ओळखायची एक सोपी खूण सांगतो. भातावर पहिल्यांदा काय येते ते पाहा. तमिळ पद्धतीत आधी सांबार-भात, मग रसम-भात आणि शेवटी दहीभात. कन्नड पद्धतीत बहुधा आधी पातळ सारू, म्हणजे आपले सार, आणि त्यानंतर दाट हुळी. आंध्र-तेलंगणात पहिला घास कोरड्या पुडीचा किंवा लोणच्याचा, गरम भात आणि तुपाबरोबर. मग घट्ट वरणासारखे पप्पू. तिखट सोसवत नसेल तर तिथे जपून. केरळी पानावर प्रथम साधे वरण आणि तूप, नंतर सांबार. भात बहुतेक जाड, तांबूस उकड्या तांदळाचा आणि भाज्यांना खोबरेल तेलाचा वास. हा वास आपल्याकडच्या पुष्कळांना केसांच्या तेलाची आठवण करून देतो. पण दोन घास गेले की सवय होते. वाढप्याने सांबार, रसम, वरण आणि दही एकदमच चार वाट्यांत आणून ठेवले, तर ते मुंबईच्या थाळीचे वळण समजावे. जेवण त्यातही चांगले असू शकते. पण क्रम गेला की त्या जेवणातली अर्धी गंमत गेली. आंबट-तिखटाकडून थंड दह्याकडे हळूहळू यायचे, असा तो क्रम आहे.

सांबाराच्या उगमाची एक गोष्ट आपल्याकडे आवडीने सांगतात. तंजावरला व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात मराठी राज्य स्थापले आणि तो वंश १८५५ पर्यंत टिकला. तिथे संभाजीराजे पाहुणे आले असता आमटीसाठी आमसुले मिळेनात, म्हणून चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावावरून सांबार झाले, अशी ती कथा. ऐकायला गोड आहे, पण तिला त्या काळच्या कागदाचा आधार नाही. वर्गात सांगायची तर दंतकथा म्हणूनच सांगावी. तंजावरच्या मराठी राजांचा सरस्वती महाल हा ग्रंथसंग्रह मात्र दंतकथा नाही. तो आजही उभा आहे.

आता इडलीकडे वळू, कारण हॉटेलची खरी परीक्षा तिच्यात आहे. डोसा कुरकुरीत भाजून, वर लोणी टाकून दोष झाकता येतात. इडलीला झाकायला जागा नाही.

तीन ते चार भाग तांदूळ, बहुधा उकडा, आणि एक भाग उडीद डाळ. दोन्ही वेगवेगळी भिजवायची. डाळ वाटताना थोडे थोडे पाणी देत ती लोण्यासारखी हलकी होईपर्यंत वाटायची; तांदूळ किंचित रवाळ ठेवायचा. मग दोन्ही एकत्र करून, मीठ घालून रात्रभर झाकून ठेवायचे. सकाळी पीठ फुगून दुप्पट झालेले असते. हे कोण करते? तांदूळ-डाळीवर स्वभावतःच असलेले सूक्ष्म जंतू. ते पिठातली साखर खाऊन आम्ल आणि वायू तयार करतात. उडदातला चिकट अंश त्या वायूचे बुडबुडे धरून ठेवतो. म्हणून नुसत्या तांदळाचे पीठ असे फुगत नाही. वाफ लागली की ते बुडबुडे तसेच पक्के होतात आणि इडलीला जाळी पडते. कोकणातल्या बायकांना हे नवे नाही. आंबोळीचे पीठ असेच आंबते. मुंबईच्या दमट उकाड्यात आठ तासांत काम होते. नाशिककडे पौषात मात्र पातेले चुलीजवळ ठेवून बारा-चौदा तास वाट पाहावी लागते. तांदूळ आणि डाळ एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणजे एकात जे प्रथिनांश कमी ते दुसऱ्यात असतात. आंबवल्याने पचायलाही हलके होते. आजाऱ्याला इडली देतात, ती उगाच नाही.

हे समजले की खोटी इडली चटकन कळते. आंबवायला वेळ नसला की सोडा मारतात. अशी इडली जरा पिवळसर दिसते, तिला मोठी मोठी भोके पडतात आणि जिभेवर साबणासारखी चव रेंगाळते. खरी इडली मोडली की आत बारीक, सारखी जाळी दिसते, किंचित आंबूस वास येतो, आणि बोटाने दाबली की ती पुन्हा वर येते. ती गरमच खावी. सकाळी सात ते दहा ही तिची वेळ. दुपारी चारला तीच इडली पुन्हा वाफवून देतात, तेव्हा तिला दोष देऊ नये. आपणच उशिरा गेलेलो असतो.

चटणीचीही एक खूण आहे. ओल्या नारळाची चटणी पांढरी, किंचित दाणेदार असते आणि खाल्ल्यावर खोबऱ्याचा गोडवा येतो. नारळ महाग झाला की डाळे वाढते. मग चटणी मऊ, पिठूळ आणि जड लागते. थोडे डाळे रीतीतच आहे. नुसते डाळे म्हणजे मालकाची काटकसर.

मसाला डोशाबद्दल मी थोडक्यात बोलतो, कारण तो आता आपल्या तालुक्याच्या गावीही मिळतो. बटाट्याच्या भाजीत हळद, मोहरी, कढीपत्ता असावा. गरम मसाला नसावा. मुंबईत चीज घातलेले, चिनी चटणी लावलेले, पावभाजीसारखा मसाला तव्यावरच घोटून भरलेले डोसे मिळतात. सोवळ्याचे लोक त्यावर चिडतात. मला त्यात चिडण्यासारखे दिसत नाही. तो मुंबईचा पदार्थ आहे, मुंबईचा म्हणून खावा. रव्याची इडलीसुद्धा जुन्या कोणाला ठाऊक नव्हती. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेनासा झाला तेव्हा ती आपल्या स्वयंपाकघरात निघाली, असे मावळ्ळी टिफिन रूमवाले सांगतात. आणि खुद्द इडलीचे काय? दहाव्या शतकातल्या 'वड्डाराधने' या कन्नड ग्रंथात तिचे नाव येते; पण जुन्या उल्लेखांतली इडली उडदाची आहे, तिच्यात तांदूळ नाही. म्हणजे अस्सलपणाही काळाबरोबर पीठ बदलतो. फसवणूक तेव्हाच होते, जेव्हा पाटी एका गावाची आणि पातेले दुसऱ्याचे असते.

मोठ्या मॉलमध्ये, गार हवेच्या उपाहारगृहांत, 'अस्सल' शब्द मोठ्या अक्षरांत लिहून चौपट दर लावतात. तिथे पितळी भांडी आणि वाढप्यांची लुंगी यांना किंमत मोजावी लागते. जेवण बरे असेलही. पण निवड करताना मी दोन गोष्टी पाहतो. पदार्थांची यादी किती लांब आहे? एकाच भटारखान्यात दीडशे पदार्थ होत असतील तर सगळेच ताजे कसे असतील? आणि जेवायला कोण बसले आहे? आजूबाजूला तमिळ किंवा कन्नड बोलणारी म्हातारी माणसे, नातवंडांना घेऊन, मुकाट्याने जेवत असतील तर खुशाल बसावे.

एक गोष्ट सांगितल्यावाचून विषय पुरा होत नाही. ज्या मठ-मंदिरांच्या पंगतींतून हे जेवण आले, तिथे कोणी कोणाच्या शेजारी बसावे याचे कडक नियम होते. मद्रासकडच्या जुन्या हॉटेलांतही ब्राह्मणांसाठी वेगळी जागा असे. १९५७ साली मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागातल्या एका हॉटेलाच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' हा शब्द जावा म्हणून पेरियार यांच्या अनुयायांनी निदर्शने केली होती. भारताच्या राज्यघटनेने १९५० सालीच पंधराव्या कलमात सांगून ठेवले, की धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही दुकानात किंवा उपाहारगृहात मज्जाव करता येणार नाही. नागरिकशास्त्राच्या तासाला हे कलम शिकवताना हॉटेलातल्या बाकाचे उदाहरण द्यावे. मुलांना ते लगेच पटते. कुपन घेतले की गिरणीतला कामगार, प्रोफेसर आणि खेड्यातली आजी एका ओळीत बसतात आणि जात कोणी विचारत नाही.

या हॉटेलवाल्यांनी वाईट दिवसही पाहिले. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध वातावरण तापले, तेव्हा उडपी हॉटेलांवर दगड पडले, काचा फुटल्या. त्यांतली पुष्कळशी हॉटेले काही दिवसांनी पुन्हा उघडली, आणि त्याच शहराला सकाळी सहा वाजता गरम इडली मिळू लागली.

आता जाणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या सूचना. पानाचे टोक डाव्या हाताला यावे. पानावर पाणी शिंपडून ते हाताने निपटावे. रसम पानावर वाहते, म्हणून भाताला मध्ये खळगा करावा. किंवा ते पेल्यात मागून घ्यावे, कोणी हसत नाही. हाताने जेवावे, चमचा मागू नये असे नाही, पण त्याची गरज पडत नाही. वाढपी भराभर येतो; नको असेल तर पानावर हात आडवा धरावा, आणि हवे असेल तर संकोच करू नये, कारण पानावरचे जेवण बहुधा पोटभर असते. सांबार अधिक आले तर नासू नये. जेवण झाल्यावर तमिळ रीतीने पान आपल्याकडे दुमडतात. सहलीची मुले न्यायची असतील तर आधी एकट्याने जाऊन विचारून यावे, आणि गर्दीच्या वेळेआधी, म्हणजे अकराच्या सुमारास न्यावीत. पन्नास मुले एकदम गेली की कोणत्याही हॉटेलाची तारांबळ उडते.

शेवटी कॉफी. ती गाळणीच्या भांड्यातली असावी. वरच्या भांड्यात पूड दाबून कढत पाणी ओततात आणि खाली थेंब थेंब दाट अर्क उतरतो. त्यात उकळते दूध आणि साखर. पेला आणि पसरट वाटी अशी जोडी येते, ती शोभेची नव्हे. एकातून दुसऱ्यात उंचावरून ओतले की कॉफी निवते आणि फेस येतो. वेलदोडा घातलेला आढळला तर ती आपल्या बाजूची कॉफी समजावी. माटुंग्याच्या बाजारात कॉफीचे दाणे समोर दळून देतात. "चिकोरी किती घालू?" असे दुकानदार विचारील. पहिल्यांदा नेणाऱ्याने थोडी घालायला सांगावी, त्याने अर्क दाट उतरतो. तिथेच हिंग, उडदाचे पापड आणि ताजा कढीपत्ताही मिळतो.

आणि हो, स्टेशनांचा घोळ होऊ देऊ नका. मध्य रेल्वेचे माटुंगा वेगळे आणि पश्चिम रेल्वेचे माटुंगा रोड वेगळे. बोर्डिंगला जायचे तर मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरून पूर्वेकडे बाहेर पडावे. हार्बरच्या गाडीने येणाऱ्यांनी किंग्ज सर्कलला उतरावे. कॅफे मद्रास तिथून चालण्याच्या अंतरावर आहे.